फाटकावरचा सलाम

एकदा एका विद्यापीठात एक विद्यार्थिनी संशोधन करत होती. सर्वांनी विद्यापीठात सायकलने यावे, हा तिचा ध्यास. तिने व्याख्याने ठेवली, फलक लावले, प्राध्यापकांकडून संकल्पही करून घेतले. संकल्प सर्वांनी उत्साहाने केले आणि आठवडाभरात सगळे पुन्हा आपापल्या मोटारीत जाऊन बसले. शेवटी तीही खचली. आता आपणही स्कूटर घेणार, असे तिने आपल्या वृद्ध, निवृत्त गुरूंना सांगून टाकले. गुरूंनी उपदेश केला नाही. उद्या एक दिवस मात्र सायकलनेच ये, एवढेच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती मुख्य फाटकाशी आली आणि थबकली. पहारेकऱ्याशेजारी गुरू उभे होते. पहारेकरी नेहमीप्रमाणे मोटारींना सलाम करत होता. गुरू तिकडे पाहतही नव्हते. एका विभागप्रमुखांनी नमस्काराच्या अपेक्षेने काच खाली केली आणि तशीच वर घेतली. पण सायकलवरून कोणी आले, की हे म्हातारबुवा टाचा जुळवून खणखणीत सलाम करत. मुले लाजून पडायच्या बेतात. विद्यार्थिनीला तर मेल्याहून मेल्यासारखे झाले.

“सर, हे काय करताय? लोक हसतायत.”

“हसू देत,” गुरू म्हणाले. “इथे मोटारीला सलाम मिळतो आणि तुला रोज खाली उतरवून ओळखपत्र मागतात. स्वच्छ हवा, प्रकृती, सगळं तू लोकांना सांगितलंस. ते त्यांना पटलंही. पण ज्या वाहनावरून आल्यावर आपण लहान ठरतो, त्यावर माणूस फार दिवस बसत नाही. तू तरी पाय दमले म्हणून स्कूटर घेतेयस का, बाळ? या दारात कमीपणा वाटतो म्हणून घेतेयस.”

हे तिने कुणालाच सांगितले नव्हते.

पुढच्या दिवशी गुरू फाटकावर नव्हते. ती सवयीने सायकलवरून उतरू लागली, तोच पहारेकरी ताठ झाला आणि त्याने तिला सलाम केला. सरांनी तसे सांगितले आहे का, असे तिने विचारले.

“नाही, मॅडम. मीपण सायकलनेच येतो. इतकी वर्षं सगळ्यांना सलाम केला. काल ड्यूटीवर आलो, तर सर माझ्या आधीच इथे उभे. पहिला सलाम त्यांनी मला केला. घरी जाऊन बायकोला सांगितलं.”

विद्यार्थिनीने त्याला उलट सलाम केला आणि सायकलवर बसूनच ती आत गेली. अभिमानाने तिचे डोळे भरून आले होते.