सगळ्यांना चालेल अशी शुभेच्छा

खाडीच्या काठी एक गाव होतं, आणि त्या गावाच्या वाट्याला एक भोळा आला होता. नाव नथू. भोळा म्हणजे किती? आत्या म्हणायची, "नथू, दूध उतू जाताना बघत बसू नकोस." की हा चुलीकडे पाठ करून उभा राहायचा. दूध जायचं ते जायचंच.

आईबाप लहानपणीच गेलेले, भिवराआत्यानं वाढवलेला. अंगानं धट्टाकट्टा, कामाला वाघ. तोंड उघडलं की मात्र घोटाळा.

तर या नथूचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी चांगुणा, किराणा दुकानवाल्या दामाजीची. चांगुणाला नथू मनापासून आवडायचा. का, ते तिचं तिला ठाऊक. अडून बसला होता तो दामाजी. एकुलती एक पोर, पुढे दुकान जावयानंच चालवायचं. आणि गाव कसं, तर एका टोकाला चर्च, दुसऱ्या टोकाला दर्गा, मध्ये दत्ताचं देऊळ, आणि बाजाराच्या मागे ज्यू लोकांचं प्रार्थनाघर.

"माझं गिऱ्हाईक सगळ्या देवांचं आहे," दामाजी म्हणाला. "ज्याच्या सणाला त्याच्याशी चार शब्द नीट बोलता आले पाहिजेत. आता थंडीत सणच सण आहेत. संक्रांतीपर्यंत बघतो. जमलं तर ठीक, नाहीतर होडीवाल्याचा मुलगा मागे लागलेलाच आहे."

आत्याच्या जिवाला घोर लागला. पोराचं लग्न आता त्याच्या जिभेवर आलं होतं.

पहिला आला नाताळ. आत्यानं करंज्यांचं ताट हातात दिलं. "इनासकडे दे. त्यांचा मोठा सण आहे. सणाला बोलतात तसं बोल."

मोठा सण म्हणजे दिवाळी, एवढंच नथूला माहीत. चर्चमधून आलेला इनास नवाकोरा सूट घालून दारात उभा होता. नथूनं विचारलं, "काय इनासदादा, अंघोळ झाली का, की अजून पारोसेच?" आणि उत्तराची वाट न बघता खिशातलं उटणं काढून सुटाला चोळायला लागला.

इनासची बायको मारिया हसून हसून बेजार झाली. इनास नाही हसला. सूट त्याचा होता.

"अरे खुळ्या," मारिया म्हणाली, "आज आमचा देव जन्मला, तोही गोठ्यात. बघ, दारात देखावा मांडलाय. अशा वेळी म्हणावं, बाळ जन्मलं, आनंद झाला, गोठा बघायला आलो."

"असं होय," नथू म्हणाला. "आता असंच म्हणतो."

लगेच दर्ग्याचा उरूस आला. आत्यानं नारळ देऊन पाठवलं. मुजावर हसनचाचा पायरीवर बसले होते. नथू जवळ गेला आणि मोठ्यानं म्हणाला, "चाचा, बाळ जन्मलं, आनंद झाला. गोठा कुठंय?"

"कुणाचं बाळ?"

"ते तुम्हीच सांगायचं."

हसनचाचांचं वय सत्तरीच्या पुढे. आत बसलेल्या चाची एकदम बाहेर आल्या. चाचांना आधी त्यांची समजूत घालावी लागली, मग नथूची.

"बाबा रे, आजचा दिवस पीरबाबा गेले त्याची आठवण म्हणून. इथे डोकं झाकावं, चादरीवर फुलं वाहावी, उदबत्ती लावावी आणि म्हणावं, बाबा देवाला भेटले, आपण मागे राहिलो." चाचा मनाचे मोठे. जाताना त्यांनी उदबत्त्यांचा पुडाही दिला.

"असं होय," नथू म्हणाला. "आता असंच करतो."

त्याच आठवड्यात शनिवारी आत्यानं त्याला वालाच्या शेंगा घेऊन एलोजीकाकांकडे धाडलं. "शनिवार म्हणजे ज्यू लोकांचा पवित्र दिवस. सांभाळून."

एलोजीकाका ओटीवर उन्हात पांढरी चादर पांघरून गाढ झोपले होते. पवित्र दिवस आणि चादर. नथूनं डोक्याला उपरणं गुंडाळलं. काकांच्या तोंडावर चादर ओढली. अंगणातला झेंडू खुडून वर वाहिला. उशाशी चांगल्या पाच-सात उदबत्त्या लावल्या आणि मान खाली घालून बसला.

तेवढ्यात रिबकाकाकू प्रार्थनेहून परतल्या.

"बाबा देवाला भेटले," नथू म्हणाला. "आपण मागे राहिलो."

काकूंनी जो हंबरडा फोडला, तो बाजारापर्यंत ऐकू गेला. सगळी आळी गोळा झाली. कोणी रडतंय, कोणी माणसांना कळवायला निघालंय. इकडे धूर काकांच्या नाकात गेला. काका सणसणीत शिंकले आणि उठून बसले. पुढे उभे होते ते मागच्यांच्या अंगावर पडले.

"नथ्या," काका झेंडू झटकत म्हणाले, "शनिवारी आम्ही विसावा घेतो. पवित्र दिवशी काम नाही आणि विस्तव पेटवणं तर नाहीच नाही. आणि तू माझ्या उशाशी जाळ केलास?"

"असं होय," नथू म्हणाला. "आता विस्तव दिसूच देत नाही."

त्या वर्षी दत्तजयंती नाताळानंतर आली. देवळामागे महाप्रसादाचं चुलाण धडधडत होतं. वर हंडाभर भात, अर्धा शिजलेला. अख्खा गाव पानं मांडून बसलेला, दामाजी पहिल्या पंगतीत. नथूनं विचारलं, "आजचा दिवस पवित्र ना?"

"म्हणजे काय, दत्तजयंती आहे," भटजी म्हणाले.

नथूनं विहिरीचं पाणी शेंदलं आणि घागरीमागून घागर चुलाणात ओतली.

त्या दिवशी गावानं केळी खाल्ली, तीही पुरली नाहीत. उपाशी दामाजी आत्यासमोर येऊन उभा राहिला. "अजून एक चूक झाली, की मी होडीवाल्याला होकार कळवतो."

आत्यानं कपाळाला हात लावला. रडू येत होतं, पण रडून काय होणार? तिनं नथूला समोर बसवलं.

"नथ्या, आता मागचं सगळं विसर. सण कुणाचाही असो, देव कुणाचाही असो. हात जोडायचे आणि एवढंच म्हणायचं, तुमच्या मनात असेल तसं होवो. पुढे एक अक्षर नाही. आणि सणाच्या दिवशी कुणाशी वाद घालायचा नाही. घे शपथ."

नथूनं शपथ घेतली.

आणि काय सांगू, जमलं की. नव्या वर्षाला इनासला म्हणाला, तुमच्या मनात असेल तसं होवो. इनासनं सूट विसरून त्याला केक दिला. हसनचाचांना म्हणाला, चाचांनी दुवा दिली. एलोजीकाकांना म्हणाला, काका खूश, फक्त जरा लांब सरकून बसले. गावभर झालं, नथू शहाणा झाला. दामाजीच्याही कानावर गेलं.

संक्रांत आली. आत्यानं तिळगुळाची वाटी देऊन नथूला दामाजीकडे पाठवलं. दामाजी गादीवर बसला होता. दाराआडून चांगुणाची बांगडी वाजत होती.

नथूनं तिळगूळ दिला, हात जोडले. "तुमच्या मनात असेल तसं होवो."

"वा," दामाजी म्हणाला. "सुधारलास. खरं सांगू? माझ्या मनात अजून होडीवाल्याचाच मुलगा आहे. पण तू एक शब्द टाकलास तर मन बदलेन. बोल, काय म्हणतोस?"

"तुमच्या मनात असेल तसं होवो."

चांगुणाला राहवलं नाही. ती बाहेरच आली. "आणि माझ्या मनात कोण आहे, ते तुला ठाऊक आहे ना?"

"तुझ्याही मनात असेल तसं होवो."

"अरे, दोन्ही कसं होईल? बाबांना सांग ना, चांगुणा मला हवी म्हणून."

नथूला चांगुणा हवी तर होतीच. पण शपथ म्हणजे शपथ.

"आज सण आहे," तो म्हणाला. "वाद घालायचा नाही."

चांगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, मग राग आला. "मग होऊ दे बाबांच्याच मनासारखं."

"ठरलं तर, पौष संपला की बार उडवतो, सगळं मी बघतो, तुम्ही फक्त वेळेवर जेवायला या," दामाजी म्हणाला.

"तसं होवो," नथू म्हणाला, आणि हात जोडून घरी आला.

आत्या उंबऱ्यातच उभी होती. "काय रे, चुकलास का कुठे?"

"एका अक्षरानं नाही."

"ठरलं?"

"ठरलं. पौष संपला की बार उडवायचा."

आत्यानं देवापुढे साखर ठेवली, डोळे पुसले आणि लगबगीनं ट्रंक उघडायला गेली. "आता कामं किती पडली. मांडव घालायचा, आचारी सांगायचा."

"ते सगळं दामाजी बघतायत," नथू म्हणाला. "आपण फक्त वेळेवर जेवायला जायचं."

"आपण? आणि नवरा मुलगा रे?"

"तो होडीनं येईल की."

आत्याच्या हातातलं लुगडं गळून पडलं. "नथ्या, लग्न कुणाचं आहे?"

"असं काय विचारतेस, आत्या?" नथू म्हणाला. "माझ्या बायकोचं."