थ्रॅशिंगची पहिली चव

निंबगड संस्थानात राजेसाहेबांनी फटक्यांची शिक्षा कायमची बंद केली होती, आणि विलायतेत शिकून आलेल्या दिवाणसाहेबांना नेमकं तेच खुपत होतं. एके दिवशी त्यांचं पुडिंग करपलं. त्यांनी मुदपाकखान्यातल्या गुंडो आचाऱ्याला भर दरबारात उभं केलं आणि हुकुमाचा कागद पुढे सरकवला.

“याला थ्रॅशिंग द्यावं, सरकार.”

राजेसाहेबांना इंग्रजीचा गंध नव्हता. “म्हणजे काय?”

“काही नाही, जराशी कानउघाडणी.”

राजेसाहेबांनी शिक्का उचलला. गुंडोची नजर दाराकडे गेली. तिथे दोन शिपाई ओले वेत घेऊन उभे होते. तो हात जोडून पुढे झाला.

“सरकार, आपल्या दरबारचा रिवाज आहे. सरबत असो, अत्तर असो की औषध, जो नवी चीज आणेल त्यानं ती आधी आपल्यासमोर स्वतः घेऊन दाखवायची. मीही रोज आपल्या ताटातला पहिला घास खातो. हे थ्रॅशिंग दिवाणसाहेबांनी विलायतेहून आणलंय. आधी त्यांना द्यावं, मग मला.”

शिक्का हवेतच थांबला.

“रास्त आहे,” राजेसाहेब म्हणाले. “जराशी कानउघाडणीच तर आहे, दिवाणजी.”

त्यांनी शिपायांना खूण केली. वेत पुढे आले तसे दिवाणसाहेब मागे सरले, थेट भिंतीला टेकले आणि ओरडले,

“नको, सरकार! थ्रॅशिंग म्हणजे बेदम मार!”