दोरीचा हिसका

फार फार वर्षांमागं, उत्तरेकडच्या डोंगरात चार घरांची एक वाडी होती. हिवाळ्यात दारं बर्फात बुडत, म्हणून घराघरांना जोडणारी दोरी बांधलेली असे. सकाळी तिला हिसका द्यायचा. उलट हिसका आला, की शेजारी खुशाल.

वाडीतल्या पाल्मोला शेजारच्या आंगदुई आजोबांचा हिसका रोज यायचा. "ठणठणीत आहेत की! उगाच बर्फ कोण उपसणार?" म्हणत पाल्मो चुलीशी बसायची.

वाट मोकळी झाल्यावर ती गरम सूप घेऊन गेली. चूल कधीचीच विझली होती. आजोबा अंथरुणात गोठून लाकूड झाले होते. आणि कुणाचा हात नसताना दोरीला हिसका बसला.

"कोण आहे?" पाल्मो किंचाळली.

"मीच," दोरी म्हणाली. "ते गेल्यापासून मीच उत्तर देतेय. तुला बर्फ उपसायचा नव्हता ना?"