इंजिनआजोबांचा उशीर

छोट्या रुळांवरची गाडी बंद पडून बरीच वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. मोठ्या जंक्शनवर शिकलेली साळुंकी गावी परतली, ती या गाडीचा थोर इतिहास जगाला दाखवायचाच असं ठरवून. शेडमध्ये झळाळतं इंजिन असेल असं तिला वाटलं होतं. तिथं होते गंजलेले इंजिनआजोबा, आणि त्यांच्या भट्टीत कोंबडी अंडी उबवत बसली होती.

“ऊठ गं! उद्या सफाई आहे. इतिहासाचा प्रश्न आहे!”

“आणि माझ्या पिल्लांचा?” कोंबडी पिसं फुगवून म्हणाली.

आजोबा हसले. “साळूबाई, इतिहास लिहून घे. मी एकदाही वेळेवर पोचलो नाही. चढावर लोक उतरून बोरं वेचायचे, मी थांबायचो. बाजाराच्या दिवशी एखादी म्हातारी मागे राहिली, की मला हटकून तहान लागायची.”

“जंक्शनवर असलं चालत नाही!”

“म्हणूनच तिथं तुला कुणी ओळखत नव्हतं,” कोंबडी पुटपुटली.

साळुंकीनं वाकून भट्टीतली अंडी पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खारी शेपट्यांचे झाडू सरसावून आल्या. साळुंकी दारातच उभी होती.

“पंधरा दिवसांनी या,” ती म्हणाली. “गाडी जरा लेट आहे.”