कपारीतली लाकडं

फार फार वर्षांपूर्वी, रानात वाटा नव्हत्या आणि नदी हीच वाट होती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी आपल्याला आधीच ठाऊक आहे असं समजू नये.

एक म्हातारा रानातली औषधी मुळं गोळा करायचा. त्याचं सारं आयुष्य डोंग्यात गेलं. एकाच खोडातून कोरलेला तो डोंगा, बापाने दिलेलं वल्हं आणि मुक्कामाला नदीकाठची एक कपार.

त्या कपारीत नेहमी सुकी लाकडं असत. रीतच होती तशी. आलेल्याने ती जाळून ऊब घ्यायची आणि निघताना रानातली ओली लाकडं आणून रचून ठेवायची. ती वाळेपर्यंत ठेवणारा दूर गेलेला असे, म्हणजे ती पुढच्याच्याच कामाची. म्हातारा तिथे कितीदा तरी कुडकुडत आला आणि शेकून निघाला. लाकडं कोण ठेवतं हे त्याला कधी कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याने कधी विचारही केला नाही.

एका खेपेला निघताना त्याची कंबर धरली. "इकडे आता कोण मरायला येतंय," असं पुटपुटत त्याने डोंगा सोडला. कपार रिकामी राहिली.

पावसाळा सरता सरता तो पुन्हा निघाला. कपारीवरून गेला, पण थांबला नाही. पुढे खडकाला घासून डोंग्याला भेग पडली, तेव्हा ध्यानात आलं की भेग बुजवायची राळ घरीच राहिली. तो माघारी फिरला.

कपारीत त्याची लेक बसली होती. बाप राळ विसरला हे पाहून ती शेजाऱ्यांची होडी घेऊन मागोमाग निघाली होती. वाटेत होडी उलटली आणि वाहून गेली. ती कशीबशी काठाला लागली. अंग ओलंचिंब, ओठ निळे, आणि मुठीत राळेचा गोळा.

"बाबा, इथं लाकडं असतात म्हणाला होतात ना?"

म्हाताऱ्याला मान वर करवेना. "असायची. मी जाळली आणि परत ठेवली नाहीत."

तो रानात धावला. आणलेल्या लाकडांचा नुसता धूर झाला. लेकीचं अंग थंड पडत चाललं होतं. आता सुकं म्हणावं असं एकच लाकूड उरलं होतं, वर्षानुवर्षं तेल पिऊन मुरलेलं, त्याच्या बापाने दिलेलं वल्हं. म्हाताऱ्याने ते क्षणभर छातीशी धरलं. मग कोयता घेतला आणि त्याच्या ढलप्या केल्या.

जाळ धरला. लेकीच्या गालांवर हळूहळू रंग आला. त्याच विस्तवावर राळ पातळ करून त्याने भेग बुजवली.

निघण्याआधी तो दुखऱ्या कमरेने पुन्हा रानात गेला आणि कपार भरेपर्यंत ओली लाकडं रचत राहिला.

"बाबा, आता कोण येणार आहे इथं?"

"मला काय ठाऊक," म्हातारा म्हणाला. "माझ्यासाठी ज्यांनी ठेवली, त्यांना तरी मी कुठं ठाऊक होतो?"

रानातून तोडलेल्या बांबूने डोंगा रेटत दोघं घरी आली. म्हाताऱ्याने पुढे नवं वल्हं केलं, पण ते हाताला कधी बसलं नाही. त्याच्या तळहाताला शेवटपर्यंत फोड येत राहिले, आणि त्यानंतर ती कपार त्याने कधी रिकामी सोडली नाही.

ज्याने आपल्यासाठी ठेवलं तो भेटत नाही. त्याचे उपकार मागून येणाऱ्यासाठी ठेवूनच फेडायचे असतात.