गाडी गार होईपर्यंत

“पाणी जातंय कुठं, बाबा?”

जालिंदरने गाडीतून उतरता उतरताच विचारलं. इंजिन चालूच होतं.

पत्रसबाबा शेडच्या दारात बाजेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली. गाडीकडे बघितलं नाही, जालिंदरकडे बघितलं.

“कुणाचं पाणी?”

“गाडीचं हो. भरावं तर दुसऱ्या दिवशी कमी. खाली जमिनीवर टिपूस नाही. ऑइलमध्ये पाणी नाही. धूर पांढरा नाही. मग जातंय कुठं?”

“तू काय काय केलंस?”

जालिंदर याच प्रश्नाची वाट बघत होता. रेडिएटरचं झाकण बदललं. वरचा आणि खालचा होस पाईप नवा टाकला. वॉटर पंप बदलला. शेवटी इंजिनचं हेड उतरवून त्याखालचं गॅस्केटसुद्धा बदललं. बोलता बोलता त्याने बॉनेट उघडलं, ॲक्सिलरेटरची तार हाताने ओढून इंजिन गरगरवलं. जुनं डिझेल इंजिन शेडभर दणाणलं.

बाबांनी शेंगा फोडून दाणे वाटीत टाकले.

याच शेडमध्ये जालिंदर बाबांकडे पाना धरायला शिकला होता. पुढे त्याने हायवेला स्वतःचं गॅरेज टाकलं. मोठा बोर्ड, स्कॅनर, लिफ्ट. तेव्हापासून तो इकडे फिरकला नव्हता. बाबांनी तो विषय काढला नाही.

गाडी वाघचौरे मॅडमची होती. बाई डॉक्टर. घाटावरच्या वाड्यावस्त्यांना दवाखाना म्हणजे ही बाई आणि ही गाडी. झाकण आणि पाईप बदलले तेव्हा जालिंदर म्हणाला होता, “जा मॅडम, बिनधास्त.” पंप बदलल्यावर पुन्हा तेच म्हणाला. गॅस्केट बदललं तेव्हा तर छाती ठोकून म्हणाला, “आता झाकण उघडून बघायचीसुद्धा गरज नाही. डोळे मिटून जा.”

मॅडमनी त्याचं ऐकलं. झाकण उघडून बघितलं नाही.

परवा पहाटे त्या एका बाळंत होऊ घातलेल्या बाईला घेऊन वरून निघाल्या. बाईला रक्तस्राव सुरू होता. घाटात मध्यावर तापमानाचा काटा लाल रेघेपार गेला आणि गाडी वाफ टाकत उभी राहिली. भाजीचा टेम्पो आला म्हणून निभावलं. फ्लॉवरच्या गोण्या रस्त्यावर उतरवून टेम्पोवाल्याने जागा केली. आई वाचली, मूलही वाचलं.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. काल त्या एवढंच म्हणाल्या, “जालिंदर, परवा वरच्या पाड्यावर जायचंय. जाऊ का?”

त्या दोन शब्दांनी त्याची झोप उडवली होती.

“बाबा, सांगा ना. वेळ नाही मला.”

बाबा उठले. सावकाश गाडीपाशी गेले, खिडकीतून हात आत घातला आणि चावी फिरवली.

इंजिन थांबलं. एकदम शांत झालं.

बाबांनी चावी काढून शर्टाच्या खिशात टाकली आणि पुन्हा बाजेवर जाऊन बसले.

“बाबा?”

“बस.”

“अहो, चालू असल्याशिवाय गळती कशी दिसणार? प्रेशर यायला पाहिजे ना!”

“बस म्हटलं ना.”

जालिंदर बसला. उठला. गाडीभोवती एक चक्कर मारून आला. खाली वाकून बघितलं, कोरडं. फोन बघितला. गॅरेजवरून दोन गिऱ्हाइकं बोंबलत होती. त्याने फोन खिशात घातला, पुन्हा काढला.

“किती वेळ, बाबा?”

“गार होईपर्यंत.”

“मग?”

“मग गार झालेली असेल.”

जालिंदर चिडला. हे म्हातारपण आहे, त्याला वाटलं. चावी मागून घ्यावी आणि निघावं. पण जायचं कुठं? इतर सगळे उपाय तर करून झाले होते.

इंजिनचं लोखंड आकसत होतं. टिक... टिक... मग बऱ्याच वेळाने एक टिक. मग तेही बंद झालं.

बाबांनी दाण्यांची वाटी त्याच्याकडे सरकवली. त्याने दाणे तोंडात टाकले आणि न चावताच गिळले.

“बाबा, ती बाई मेली असती तर?”

बाबांनी पुढची शेंग उचलली.

“मीच म्हणालो होतो, बघायची गरज नाही म्हणून. मीच...”

बाबांनी हातातली शेंग फोडली नाही. तशीच धरून बसले.

ऊन शेडच्या मागे गेलं. रस्त्यावरून शाळेची पोरं दंगा करत गेली. जालिंदरने फोन पुन्हा खिशातून काढला नाही. तो उठला, आणि दुसरं काही सुचेना म्हणून त्याने इंजिनवर तळहात टेकला.

लोखंड गार होतं.

इतक्या वेळा ही गाडी त्याच्या हाताखालून गेली, पण पाणी भरलेलं असताना गार इंजिनाला त्याचा हात कधी लागलाच नव्हता; हेड उतरवलं तेव्हा पाणी आधीच काढून टाकलं होतं. गाडी चालत यायची, तापलेली असायची. सकाळी शटर उघडलं की त्याचं पहिलं काम म्हणजे स्टार्टर मारणं.

हात तसाच पुढे सरकला. इंजिनच्या मागे, जिथे डोळा पोचत नाही, तिथे हीटरकडे पाणी नेणारा एक लहान पाईप होता. बोटं त्याच्या टोकापाशी गेली...

त्याने हात बाहेर काढला. बोटं ओली होती. रेडिएटरच्या पाण्याची हिरवट, चिकट ओल.

त्याने पुन्हा हात घातला. पाईप आवळणाऱ्या क्लिपखालून एक थेंब येत होता. पडला की मागच्या तेलकट धुळीत पसरत होता, जमिनीपर्यंत पोचतच नव्हता.

“बाबा... चावी.”

बाबांनी चावी दिली.

त्याने इंजिन चालू केलं आणि टॉर्च धरून उभा राहिला. इंजिन तापलं. कडक झालेलं रबर फुगून क्लिपला घट्ट बसलं. थेंब थांबला. खाली पसरलेली ओल हळूहळू सुकली. काही झालंच नव्हतं असं.

“चालताना गळत नाही,” तो स्वतःशीच पुटपुटला. “उभी राहिली, गार पडली, की गळतं.”

बाबा टरफलं गोळा करत होते.

जालिंदरने इंजिन बंद केलं. गाडी पुन्हा निवेपर्यंत या खेपेला तो स्वतःहून थांबला. मग पाईप काढला, कडक झालेलं टोक कापलं, नवी क्लिप आवळली, पाणी भरलं. हात भराभर चालत होते.

“थांबली ना गळती, बाबा?”

“मला काय विचारतोस? घाटाला विचार.”

तेवढ्यात फोन वाजला. वाघचौरे मॅडम.

“झाली का रे गाडी?”

“गळती सापडली, मॅडम. काढली.”

“मग उद्या जाऊ ना?”

जालिंदरने बाबांकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. बाबा वाटी धुवायला नळावर गेले होते. पाठ त्याच्याकडे होती.

“जालिंदर? ऐकतोयस ना?”

“मॅडम... माहीत नाही.”



“म्हणजे?”

“सापडली तेवढी बंद केलीय. आणखी कुठे आहे का, माहीत नाही. पहाटे मी येतो. गाडी गार असतानाच आधी पाणी बघू, मग निघू. गाडी मी चालवतो. काटा चढायला लागला तर थांबवीन.”



“ये,” त्या म्हणाल्या. “चहा इथेच घे.”

फोन ठेवून तो चाकाला टेकून खालीच बसला. बाबा वाटी पुसत परत आले.

“बाबा, गॅरेज टाकल्यापासून गिऱ्हाइकाला कधी ‘माहीत नाही’ म्हणालो नव्हतो.”

बाबांनी वाटी बाजेखाली ठेवली. मग गाडीजवळ येऊन पहिल्यांदाच इंजिनावरून नजर फिरवली.

“आता बॉनेट लाव.”