तिसरी लाल गाडी

गाड्या माणसांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. साताऱ्यात जुन्या गाड्यांच्या एका दुकानात तीन लाल स्पोर्ट्स कार शेजारी शेजारी उभ्या होत्या. रंग, आकार, किंमत, सगळं सारखंच. तिसरीला मात्र वर्षभर गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. या महिन्यात ती खपली नाही तर तिचे भाग सुटे करून विकायचे, असं मालकाने ठरवलं होतं.

एके सकाळी रेवती घोरपडे आपली पहिली स्पोर्ट्स कार घ्यायला आली. तिने तिघींना एकच प्रश्न विचारला, "घाटातल्या वळणावर मला कशी सांभाळशील?"

"वळण आलेलं तुम्हाला कळणारसुद्धा नाही," पहिली म्हणाली.

"लोक थांबून आपल्याकडे बघत राहतील," दुसरी म्हणाली.

तिसरी घुटमळली. खरं सांगितलं की गिऱ्हाईक निघून जातं, हे तिने अनेकदा पाहिलं होतं. तरी ती म्हणाली, "वेगात वळवलंत तर माझी मागची चाकं घसरतात. सवय होईपर्यंत सावकाश चालवावं लागेल."

रेवतीने तिच्या बॉनेटवर हात ठेवला. "बरं झालं सांगितलंस. मलाही अजून सराव नाही. दोघी मिळून शिकू."

मालकाने किल्ली दिली, आणि त्या दोघी अगदी हळू फाटकाबाहेर पडल्या.